कमी हवा पिणारी गन

सूनबाई बेकरीत गेली आहे, तोवर बोलून घेते. तोंडावर कौतुक केलं की माणूस शेफारतं, असं माझं मत आहे आणि या वयात ते मी बदलणार नाही. पण तिनं आमची व्हॅन रंगवली तेव्हा मी जे पाहिलं, ते कुणाला सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहायचं नाही.

आमचे चिरंजीव शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात. एका वळणावर दुधाच्या टेम्पोनं त्या व्हॅनची डावी बाजू या टोकापासून त्या टोकापर्यंत चेपत नेली. गाडीत मुलं नव्हती, तेवढं नशीब. चिरंजीवांचा पाय मोडला आणि ते प्लास्टर घालून खिडकीपाशी बसले. शाळेनं निरोप धाडला की व्हॅन दुरुस्त करा, सगळी शाळेच्या पिवळ्या रंगात रंगवा, शाळा उघडायच्या आधीच्या शनिवारी आमच्या बाई बघायला येतील. बाईंना पसंत पडली नाही तर फेरी दुसऱ्याला. तो दुसरा आपली गाडी धुऊन-पुसून तयारच बसला होता. सूनबाईचा बेकरीतला पगार घरभाड्यात जातो. चूल पेटते ती या फेरीवर. म्हणजे फेरी गेली की आम्ही काय करणार होतो, ते मला आजही माहीत नाही.

डेंटरनं पत्रा ठोकून सरळ केला, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासून वर राखाडी प्राइमर मारून दिला. आता राहिला रंग. तर रंगवाल्या गॅरेजात आमचा नंबर शाळा सुरू झाल्यावर लागणार. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. मी गॅरेजवाल्याशी भांडून आले, घसा बसला, नंबर काही पुढे सरकला नाही.

रात्री जेवताना सूनबाई म्हणाली, "मी मारते रंग."

ती केक सजवते. पेनाएवढ्या बारक्या गननं केकवर रंगाचा फवारा मारते. चिरंजीव हसले. "अगं, व्हॅन आहे ती. केक आहे का?"

"केक गोल असतो, तो अवघड," ती म्हणाली. "ही सपाट आहे." आणि ताट उचलून घासायला गेली. माझ्या मनात आलं, झालं, करायला जाणार गणपती आणि होणार मारुती. पण दुसरा मार्ग कुणाला सुचत होता?

दुसऱ्या दिवशी स्प्रे गन आणायला मी तिच्याबरोबर गेले. तिला घासाघीस जमत नाही. सांगेल त्या भावाला मान डोलावते. माझा जन्म मंडईत भाजी विकण्यात गेला, मला कोण फसवतो? दुकानदारानं काउंटरवर तीन गन मांडल्या. त्यातली एक अशी झकास की विचारू नका. निळी मूठ, मखमलीचा खोका, सोबत तीन नोझल आणि पाना फुकट. भावही बराच उतरवून देत होता. मी म्हटलं, हीच घे, डोळे मिटून घे.

सूनबाईनं ती हातात घेतली, वजन पाहिलं आणि विचारलं, "ही हवा किती पिते?"

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. "हवा फुकट असते, ताई."

"फुकट असते, पण आमच्याकडे कमी आहे."

खरंच होतं ते. आमच्याकडे कॉम्प्रेसर कुठला? कोपऱ्यावरचा पंक्चरवाला दोन दिवसांसाठी आपला देणार होता. टायर भरायचा तो, टाकी म्हणाल तर पाण्याच्या कळशीपेक्षा जरा मोठी. बेकरीतलं यंत्र मध्येच दमलं की गन थुंकते, असं तिनं दुकानदाराला समजावलं. रंग धुक्यासारखा पडायचा तो थेंबाथेंबानं पडतो. "केकवर थुंकली तर मी तिथे क्रीमचं फूल काढते. व्हॅनच्या दारावर गुलाब कसा काढू?"

मग दुकानदारानं आतून एक मळकट खोका आणला. वरून रंगाची वाटी बसणारी, नोझल बारीक, रूप म्हणाल तर जुन्या नळाच्या तोटीसारखं. हवा कमी पिते, काम सावकाश करते, म्हणून कुणी नेत नाही म्हणाला. किंमत त्या निळीच्या निम्म्याहून कमी. मला वाटलं, झालं आता, निघू. तर ही बया तिथेच पाणी मागते. वाटीत पाणी ओतलं, दुकानातल्या नळीला गन जोडली, हवा अगदी कमी करायला लावली आणि रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर एकदा दाबून सोडली. ओला पट्टा उमटला. तो तिनं उजेडात धरला. वरचं टोक जाड होतं, खालचं विरळ. "दुसरी दाखवा, हीच, पण दुसरी." दुसरीचं मधलंच जाड. तिसरीला पट्टा दोन्ही टोकांना सारखा आला, तेव्हा तिनं मान डोलावली.

दुकानदार वैतागला. "सगळ्या एकाच कारखान्यातल्या आहेत हो."

"माझी तीन मुलंही एकाच कारखान्यातली आहेत," मी म्हटलं. "एकाचं एकाशी जुळत नाही. गुमान बांधून दे."

वर तिनं हवेतलं पाणी अडवणारी काचेची छोटी बाटली घेतली. आणि तोंडावर बांधायचा मास्क घेतला तो दुकानातला सगळ्यात भारी. तिथे माझं टाळकं सरकलं. बंदूक स्वस्तातली आणि मुसकं महागातलं, ही कुठली अक्कल?

"गन बिघडली तर दुसरी मिळेल, आई," ती म्हणाली. मग मी कनवटीचे पैसे मोजायला घेतले.

गुरुवारी भल्या सकाळी काम काढलं. वारा नव्हता, किडे-माश्या अजून उठले नव्हते. मागच्या अंगणात पत्र्याखाली व्हॅन उभी. तिच्याभोवती दोऱ्या बांधून आम्ही घरातल्या सगळ्या चादरी ओल्या करून टांगल्या. धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी मारलं. गॅस बंद, चहासुद्धा नाही. काचांना, चाकांना कागद चिकटवले. तिनं सगळी गाडी पुसली, रंगात कडक होण्याचं औषध कालवलं, मास्क चढवला आणि उजव्या बाजूच्या टोकाला जाऊन उभी राहिली. एकदा कालवला की तो रंग ठेवता येत नाही, तासाभरात घट्ट होतो. म्हणजे आता माघार नाही. पंक्चरवाला कॉम्प्रेसरपाशी, चिरंजीव खिडकीत, मी चादरीच्या फटीत.

मी समजत होते, भिंतीला चुना मारतात तसं काही असेल. छे. पत्रा सुरू व्हायच्या आधीच तिनं गन दाबली, हात खांद्यापासून सरकला, मनगट जरासुद्धा वाकलं नाही, आणि पत्रा संपल्यावर सोडली. मग खालचा पट्टा, अर्धा पहिल्यावर, अर्धा कोऱ्या पत्र्यावर. परत. परत. ती पावलं बाजूला टाकत होती, पण डोकं वर-खाली होत नव्हतं. गनचा आवाज एकसुरी, कुठे धाप नाही, कुठे थुंकणं नाही. राखाडी पत्रा तिच्या हाताखाली ओला पिवळा होत चालला, जणू कुणी ऊन अंथरत चाललंय. या मुलीला मी रोज बघते. मीठ जास्त झालं म्हणून तिला बोलते. तिच्या अंगात हे होतं, आणि मला पत्ता नव्हता.

उजवी बाजू झाली, टप झाला, मागचं दार झालं. डाव्या बाजूला आली. आणि त्या ओल्या रंगात, आमच्या डोळ्यांदेखत, डोळे उघडायला लागले. बारीक गोल खळगे, तळाशी राखाडी दिसतंय. एक, मग पाच, मग सगळ्या दारावर. देवीचे व्रण असतात तसे.

"तेल," पंक्चरवाला म्हणाला. "पत्र्यावर कुठेतरी तेल आहे."

तिनं गन खाली ठेवली, मास्क काढला आणि पुसायचं फडकं नाकाला लावलं. उजवी बाजू, टप, मागचं दार तिनं दुकानातल्या नव्या फडक्यानं पुसलं होतं. ते फाटलं म्हणून डाव्या बाजूला बेकरीतलं घेतलं. पांढरंशुभ्र, धुतलेलं, उकळलेलं. पण केकवाल्यांचं फडकं ते, वर्षानुवर्षं त्यानं दुसरं काय पुसलं होतं?

"लोणी," ती म्हणाली. "माझी चूक."

चिरंजीव खिडकीतून मलाच बोलायला लागले, जसं काही मीच लोणी लावून आले. शनिवार परवावर आला होता, आणि मला सारखी दिसत होती ती त्या दुसऱ्याची धुतलेली गाडी. वाटलं, आता ही रडेल. रडली असती तर मीही रडले असते, खरं सांगते. ती रडली नाही. रंगाचा डबा उचलून तिनं कानाशी हलवला.

"आहे," ती म्हणाली. "ही गन हवेत फारसा उडवत नाही. एका बाजूपुरता उरलाय. दोन बाजूंपुरता नाही."

शुक्रवारी उजाडल्यापासून तिनं ती अख्खी डावी बाजू पाण्यात भिजवायचा पॉलिश कागद लावून घासून काढली. मी म्हटलं, मी घासते. तिनं माझे दोन्ही हात धरले, साबणानं कोपरापर्यंत धुतले, पुसले, आणि मगच कागद दिला. नवऱ्यानंसुद्धा माझे हात कधी असे धरले नव्हते. शेजारी शेजारी घासत बसलो. बोटांची सालं निघाली. मग तिनं पत्रा तेल काढायच्या पातळ औषधानं दोनदा पुसला, प्रत्येक वेळी नव्या फडक्यानं, आणि उरलेला सगळा रंग कालवला.

या वेळी कुणी बोलत नव्हतं. मीसुद्धा नाही, यावरून समजा. तिनं पहिला पट्टा मारला आणि थांबली. आम्ही सगळे त्या पट्ट्याकडे बघत राहिलो. ओला रंग पसरला, सपाट झाला, तसाच राहिला. एकही डोळा उघडला नाही. मग ती निघाली. पुढच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत, काल घडलंच नाही अशा हातानं, ना घाई ना भीती. शेवटच्या पट्ट्याला वाटीतून फुसफुस आवाज आला आणि रंग संपला. पत्राही तिथेच संपला होता. मला हात जोडावेसे वाटले, आणि मी जोडले. ती पाठमोरी होती म्हणून बरं.

शनिवारी शाळेच्या बाई आल्या. चष्मा पुसून त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मग दुसरी मारली. वाकून पत्र्यावरून तिरकी नजर टाकली. "टेम्पो कुठल्या बाजूला लागला होता?" चिरंजीव आगाऊपणे म्हणाले, "तुम्हीच सांगा." मी त्यांना चिमटा काढेपर्यंत बाईंनी उजव्या दारावर बोट ठेवलं होतं. "इथे ना? इथे थोडं वेगळं वाटतं." कुणी त्यांची चूक काढली नाही. "सोमवारपासून आणा," म्हणाल्या आणि गेल्या.

रविवारी सूनबाई बेकरीत गेली, दोन दिवसांची तुंबलेली कामं उरकून पहाटे घरी आली. सोमवारी चिरंजीवांचा मित्र व्हॅन घेऊन निघाला. गल्लीतली माणसं दारात येऊन बघत होती आणि मी तोऱ्यात उभी होते. हिला हाक मारायला मागे गेले, म्हटलं, ये, आपली गाडी जाताना बघ. ती अंगणातल्या पायरीवर बसली होती. शुक्रवारीच धुतलेली गन पुन्हा उघडून सुई, नोझल, वाटी सगळं ओळीनं मांडून पुसायला घेतलं होतं, आणि भिंतीला डोकं टेकून झोपून गेली होती. नखांच्या कडांना अजून पिवळं होतं. मी तिथेच उभी राहिले, तिला उठवलं नाही.

तेवढ्यात पंक्चरवाला कॉम्प्रेसर न्यायला आला, लांबूनच मोठमोठ्यानं बोलत. मी बोट ओठांवर ठेवलं.

"हळू," मी म्हटलं. "माझी पोर झोपलीय."

त्या कॉम्प्रेसरची चाकं फार खडखडतात. त्या भल्या माणसानं तो दोन्ही हातांनी उचलला आणि अंगणातून रस्त्यापर्यंत तसाच नेला.