नानांची शाल

आमचे सासरे, नाना, गणपतीच्या पूजेला कुणाच्याही अंगावर बनियन चालवून घेत नाहीत. एका वर्षी आमच्या जावईबापूंनी, इंद्रजीतरावांनी, सोवळ्यावर बनियन तसाच ठेवला, तर नाना शांतपणे म्हणाले, "असू द्या. बूटही घालून या."

यंदा पंचाईत झाली ती नानांचीच. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी त्यांना दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन असतं. रिपोर्ट उत्तम येतात. पण अंगातून एकदम गरम वाफा येतात आणि छाती सुजून गोलसर झालीय. वाफांसाठी सासूबाईंनी आपला जुना हातपंखा त्यांच्या उशाशी ठेवला. छातीसाठी नानांनी भर मे महिन्यात सदऱ्यावर जाकीट चढवलं.

चतुर्थी जवळ आली तसं त्यांनी जाहीर केलं, "पुढचं इंजेक्शन मी घेणार नाही. चारचौघांत उघडं बसायची सोय राहिली नाही."

"मग बनियन घालून बसा," सासूबाई म्हणाल्या.

"पूजेला?" नाना जितके दुखावले, तितके कॅन्सर कळला तेव्हाही नव्हते.

शेवटी पीतांबरावर लोकरी शाल गुंडाळून बसले. "सर्दी झालीय," असं घामाने निथळत सगळ्यांना सांगत होते. मागे भाऊ, पुतणे, जावई, सगळे नियमाप्रमाणे उघडे. अथर्वशीर्ष रंगात आलं आणि नानांना वाफ आली. कानांपर्यंत लाल झाले. मी पंखा वाढवायला उठले, तर समई विझेल म्हणून त्यांनीच हाताने थांबवलं, आणि पुढच्या क्षणी शाल माझ्या अंगावर येऊन पडली.

कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. आता लपवायला काही उरलं नाही म्हटल्यावर नानांनीच मान वळवली. आधी इंद्रजीतरावांकडे बघितलं, मग धाकट्या काकांकडे, मग गुरुजींकडे. तूप-भातावर पोसलेली एकेकाची छाती नानांच्या वरताण होती.

दूर्वा पुढे करत सासूबाई हळूच म्हणाल्या, "विचारा की, यांना कुठलं इंजेक्शन चालू आहे ते."

जेवताना नानांनी इंद्रजीतरावांना आग्रह करकरून मोदक वाढले, वर तुपाची धार. मग आमोदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, म्हणाले, "सोमवारी इंजेक्शन आहे माझं. गाडीत पेट्रोल बघून ठेव." आणि माझ्याकडे वळून, "सुरुची, ते जाकीट बोहारणीला देऊन टाक."