सतरा नंबरचा कामगार

दीना भिंगारदिवेच्या काकांची दोन बोटं नागापूरच्या एका कारखान्यात प्रेस मशिनखाली गेली होती. मेंदूविज्ञानाच्या एम.एस्सी.ला शेवटच्या प्रकल्पाचा विषय निवडायची वेळ आली, तेव्हा तिला दुसरं काही सुचलंच नाही. रात्रपाळी केलेल्या माणसाचा मेंदू सकाळी किती मंदावतो, हे तिला मोजायचं होतं.

ती पुण्याहून नगरला घरी आली. बरेच खेटे घातल्यावर एका कारखान्याच्या मॅनेजरने परवानगी दिली. पाळी सुटली की एकेक कामगार कॅन्टीनशेजारच्या खोलीत येऊन बसायचा. लॅपटॉपवर लाल ठिपका दिसला की बटण दाबायचं, एवढंच. "तुमचं नाव कुठंच येणार नाही," असं ती प्रत्येकाला सांगायची आणि नावाऐवजी नंबर टाकायची.

शेवटचे, सतरावे होते बाबाजान. बावीस वर्षं प्रेसवर काढलेली.

"बेटा, आज डोळ्यात औषध टाकलंय, धूसर दिसतंय. उद्या बसलो तर?"

दुसऱ्या दिवशी तिला परतायचं होतं. "चालतंय चाचा, दहाच मिनिटं," ती म्हणाली. औषधाचं तिने कुठं लिहूनही ठेवलं नाही.

काम पूर्ण झाल्याच्या पत्रावर सही घ्यायला गेली, तेव्हा मॅनेजरने तिच्याकडे चाचणीच्या निकालांचा तक्ता मागितला. त्यात नावं नव्हती, पण तारीख आणि वेळ होती. आणि कोण कधी जाऊन बसला, हे मॅनेजरच्या रजिस्टरात होतं. दीनाच्या हे लक्षात आलं नाही, असं नाही. सहीशिवाय कॉलेज प्रबंध घेणार नव्हतं. तिने तक्ता पाठवून दिला.

दोघा कामगारांच्या संमतीपत्रांवर सह्या राहिल्या होत्या, म्हणून महिनाभराने ती पुन्हा कारखान्यात आली. बाबाजान पॅकिंगमध्ये खोकी बांधत होते.

"प्रेसवरून काढलं मला," ते म्हणाले. "साहेब म्हणाले, हात उशिरा चालतो, तसा रिपोर्ट आलाय. बावीस वर्षांत नखालाही लागलं न्हाई, बेटा." मग हातातली दोरी ओढून घेत त्यांनी विचारलं, "तू तर म्हणाली हुतीस, नाव येणार न्हाई?"

"चाचा, नाव मी नाही दिलं," दीना म्हणाली. आपण अर्धंच खरं बोललो, हे तिला बोलता बोलताच कळलं.

ती तडक मॅनेजरकडे गेली. औषधाचं सांगितलं, चूक माझी म्हणाली, पुन्हा चाचणी घेते म्हणाली.

"मॅडम, तिथं दुसरा माणूस बसवलाय. उद्या यांचा हात गेला, तर जबाबदारी तुम्ही घेणार का?"

ती उठून बाहेर आली.

पुण्यात तिने मार्गदर्शक सरांना सगळं सांगितलं. ते चिडले. सतरा नंबर काढायला लावला, झालेली चूक प्रबंधात लिहायला लावली. तिने दोन्ही केलं. सरासरी जवळपास तीच राहिली. परीक्षकांनी विषयाचं कौतुक केलं, दीनाला पहिला वर्ग मिळाला.

बाबाजान पॅकिंगमधूनच निवृत्त झाले. पुढे मुलीच्या, शरिफाच्या लग्नाचं बोलावणं द्यायला त्यांनी स्वतः फोन केला. "बेटा, जेवायलाच ये." त्या दिवशी दीना नगरमध्येच होती. साडी नेसली, रिक्षाही बोलावली. रिक्षा दारात येऊन उभी राहिली, तेव्हा तिने रिक्षावाल्याला परत पाठवलं. वडिलांनी विचारलं, तर डोकं दुखतंय म्हणाली.