धर्मशाळेतला स्टोव्ह
रॉकेलचा वास आला की मला महाबळेश्वरची ती धर्मशाळा आठवते. पंचाहत्तर सालच्या आसपास वडील फौजेतून सुट्टीवर आले, तेव्हा इस्लामपूरजवळच्या आमच्या गावाहून आम्ही तिथं गेलो. हॉटेल परवडणारं नव्हतं. धर्मशाळेत खोली फुकट होती, स्वयंपाक मात्र आपला आपण करायचा, म्हणून स्टोव्ह, पीठ, भांडी सगळं एसटीनं घरून नेलेलं. वडील आम्हा भावंडांना रोज नवा पॉइंट दाखवायचे आणि आई त्या कोंदट खोलीत भाकरी थापायची. शेवटच्या संध्याकाळी वडील म्हणाले, "आमी सूर्यास्त बघून येतो, तवर कालवण कर." आईनं स्टोव्हची चावी सोडली. फुस्स करून तो विझला. "आवं, आल्यापास्नं मी भिताडच बघतीया. आज मी बी येणार." "मग जेवायचं काय?" "ऱ्हावा उपाशी!" म्हणत ती निघालीसुद्धा. आम्ही पोचलो तेव्हा दरी धुक्यानं भरली होती, सूर्य कुठंच नव्हता. "काय दिसत न्हाई, चला," वडील वैतागून म्हणाले. आई कठड्यापाशी बसूनच राहिली, अंधार पडेपर्यंत. वडिलांनी सगळ्या घराला फुकटात महाबळेश्वर दाखवलं, असं नातेवाईक अजून कौतुकानं सांगतात, आणि दर वेळी माझं डोकं फिरतं.