चुलीवरचा लॅपटॉप

लॅपटॉपचं बटण दाबलं की दिवा लागायचा, पंखा घरघरायचा, पडद्यावर ती पट्टी सरकू लागायची. आता होतोय सुरू म्हणेपर्यंत सगळं बंद. पुन्हा दाबा, पुन्हा तेच. मास्तरकी करताना अशी पोरं पाहिली होती. पाढा जोरात सुरू करायचा आणि मध्येच खिडकीबाहेर बघत उभं राहायचं. पण पोराला दटावता येतं, ह्याला काय करणार?

एरवी मी तो भंगारात देऊन मोकळा झालो असतो. नोकरी संपलेली, टाईप करायचं काही उरलं नव्हतं. पण त्याच्यात माझ्या बायकोचा आवाज होता. आणि मला तो आवाज आठवेनासा झाला होता.

ती जाऊन दोन दिवाळ्या झाल्या होत्या. चेहरा आठवायचा. कपाळावरचं गोंदण आठवायचं. रागावली की पदर खोचून भांडी आपटायची, तेही आठवायचं. आवाज मात्र येत नव्हता. शेणवे गावी दिलेल्या मुलीला एकदा फोनवर विचारलं, आई कशी गं बोलायची? ती म्हणाली, आईसारखी. मग आम्ही दोघं भाताच्या पिकाबद्दल बोललो.

लॅपटॉप आणला होता शाळेत असताना, कल्याणहून, तोही कुणीतरी वापरून कंटाळलेला. आमचं गाव सिद्धगडाच्या अंगाला. पावसाळ्यात इथे चपलेला बुरशी येते, पुस्तकाला येते, माणूस बसून राहिला तर त्यालाही येईल. मी लॅपटॉप कुठे ठेवू म्हणून घरभर फिरत होतो. बायकोने तो माझ्या हातातून घेतला, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधला आणि चुलीवरच्या माळ्यावर ठेवला, भोपळ्याचं बी आणि सुकट ठेवायची तिथे. "बियानं ऱ्हातं तर ह्यो नाय ऱ्हानार?" असं तिचं म्हणणं. मी हसलो, पण ठेवू दिला. आमच्याकडे जपायची वस्तू धुरावरच जपतात. काढला तरी चुलीपुढेच बसून वापरायचो, कारण त्या दिवसांत घरात कोरडी जागा तेवढीच. खरंच, ओल म्हणून कधी लागली नाही त्याला.

अशाच एका दुपारी मला कळलं, की त्याच्यात आवाजही भरता येतो. तिला म्हटलं, काहीतरी बोल. ती काहीतरी बोलली. काय, ते विसरलो. परत कधी लावून ऐकलंही नाही. घरात माणूस असताना त्याचा आवाज पेटीतून कोण ऐकतो?

तर तो बिघडलेला लॅपटॉप घेऊन मुरबाडला गेलो. स्टँडजवळच्या दुकानातल्या माणसाने चालू केला, बंद पडलेला पाहिला आणि निदान करून टाकलं. म्हणाला, काका, सिस्टिम गेली, फॉरमॅट मारतो, एकदम नवा होईल. आतल्या गोष्टींचं काय, विचारलं तर म्हणाला, त्या उडणार. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावून बघता येईल, पण गॅरंटी नाही, ठेवून जा. माझं डोकंच सणकलं. ठेवून जा? त्याच्या हातातून लॅपटॉप ओढून घेतला, पिशवीत घातला आणि तडक जीपमध्ये येऊन बसलो. तो बिचारा बघत राहिला. त्याला काय ठाऊक, मी काय घेऊन आलो होतो.

घरी रिकाम्या माणसाला उद्योग मिळाला. लाईट आली की बटण दाबायचं. चहा गॅसवर, भात गॅसवर, एकदा शिजवून दोन वेळा खायचा, कधी तेही नाही. चूल ती गेल्यापासून थंड. दिवसचे दिवस मी कुणाशी बोलत नव्हतो, बोललो तर त्या पट्टीशी. चल रे, थोडं राहिलं, चल.

थंडी पडली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. पहाटेच्या गारठ्यात ओटीवर लावला तर पट्टी बरीच पुढे जाते. दुपारी लावला तर सुरुवातीलाच मान टाकतो. पाठीला हात लावून पाहिला, तर तवा! म्हणजे सिस्टिम-बिस्टिम काही गेली नव्हती, ह्याचं अंगच तापत होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तो प्रकार.

पेचकस घेऊन पाठीवरचं झाकण काढलं. आतला इवलासा पंखा काजळीने बरबटला होता. वाऱ्याच्या जाळीत काळी, चिकट पुटं, एक भोक मोकळं नाही. आणि वास आला. लाकडाचा, सुकटीचा, आमच्या स्वयंपाकघराचा. ती गेल्यावर घरातून गेलेला वास त्या पेटीत बसून होता. मी रडलो. उगाच कशाला लपवायचं.

साफ करावं की नाही, असंही क्षणभर वाटलं. तेवढीच तिची चूल उरलेली. पण साफ केलं नाही तर आवाज मिळत नव्हता. कुंचल्याने वरवरचं निघालं, जाळीतलं हलेना. मग चुलीमागे उभी केलेली तिची फुंकणी आणली, टोक जाळीला लावलं आणि फुंकलं. काजळी उडून निम्मी माझ्याच तोंडावर आली. फुंकत राहिलो. तोंड काळं, डोळे चुरचुरतायत, छाती भरून आली, तरी फुंकत राहिलो.

झाकण लावलं, बटण दाबलं. पट्टी सरकत गेली, सरकत गेली आणि पडदा उजळला. शोधत गेलो, ती फाइल सापडली.

आधी माझाच आवाज, वर्गातल्यासारखा. हं, बोल, उखाणा घे. मग भांड्याचा आवाज. मग ती.

"ह्या डब्यापुडं काय नाव घ्यायचं? भात निवतोय. आदी जेवा, मंग बोलते."

बारीक, जरा घोगरा आवाज. हाच की! कसा विसरलो होतो? मग फुंकणीच्या दोन-तीन लांब फुंकरी, खोकला, आणि माझं चिडून बोलणं, की बिघडवलंस सगळं. तिथे संपलं.

मी परत लावणार होतो. बोट तिथेच होतं. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि तिने सांगितलं होतं. लॅपटॉप ओटीवर ठेवला, धुरापासून लांब. आत येऊन चूल पेटवली, भात टाकला. दोन पावसाळे भिजलेल्या लाकडाने छळलं, पण फुंकणी हातात होती. भात झाला, वाढून घेतला, गरम होता तोवर जेवलो.

मग बाहेर जाऊन पुन्हा लावलं.