आर्डिसचा ठोकळा

वेंडेल हाउगेन मला पहिल्यापासून आवडत नाही, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगितलंय. नॉर्थ डकोटातल्या आमच्या धावपट्टीवर वर्षातल्या एका शनिवारी आम्ही क्लबवाले घरी बांधलेल्या विमानांतून मुलांना फुकट चक्कर मारून आणतो. दर वर्षी याचं एकच पालुपद: "हे विमान मी एकट्यानं बांधलं!"

एकट्यानं, डोंबलाचं! पत्रे जोडणारे रिवेट ठोकायला दोघं लागतात. बाहेरून एकानं यंत्र चालवायचं, आतून दुसऱ्यानं लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. कितीतरी हिवाळे विमानाच्या पोकळ शेपटीत आडवं पडून तो ठोकळा धरला आर्डिसनं, तेव्हाच्या त्याच्या बायकोनं. त्या ठोकाठोकीत तिचा एक कान कायमचा गेला. घटस्फोटात विमान त्याला मिळालं. आर्डिसनं क्लब मात्र सोडला नाही. मुलांना हात धरून विमानापाशी नेण्याचं काम तिचं. तिनं आणल्याशिवाय कुठलंही मूल विमानात चढत नाही.

यंदा आदल्याच दिवशी वेंडेलनं विमान मागं ढकलताना विमानांच्या शेडच्या दारावर आपटलं. शेपटीचा पत्रा फाटला. आत शिरेल असं अंग आमच्यात फक्त आर्डिसचं. नाक मुठीत धरून तो तिच्याकडे गेला.

ती आली, सरपटत आत शिरली.

"धर," तो ओरडला.

"आधी सांग, हे कुणी बांधलं?"

"आर्डिस, तमाशा नको."

"तमाशा तर तू दर वर्षी करतोस. बोल. मोठ्यानं बोल, मला कमी ऐकू येतं."

वेंडेलचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. "दोघांनी."

"उद्या मुलांसमोर सांगशील?"

"हो बाई, हो!"

मग तिनं ठोकळा टेकवला. काम चोख झालं, आमच्या मेकॅनिकनं तपासलंसुद्धा.

शनिवारी आर्डिसनं पहिली आणली ती एक दातपडकी मुलगी. वेंडेलच्या विमानाच्या पंखाला हात लावून पोरीनं विचारलं, "हे कुणी बनवलं?"

मागे तिचे आईबाप फोन रोखून उभे. गडी फुगला. "मी. एकट्यानं."

शेजारीच मी सगळ्यांसाठी पॅनकेक भाजत होतो; तव्यावरचा उलटायचाच विसरलो. आर्डिसनं आवाज चढवला नाही. मुलीला वळवत म्हणाली, "चल बाळा, पलीकडच्या विमानात. याच्या शेपटीत कोण पडलं होतं ते या काकांना आठवत नाही. असल्या विमानात मी मुलं बसवत नाही."

दिवसभर इतर विमानं उडत राहिली. वेंडेल आपल्या विमानाची काच उघडी टाकून बसून राहिला, त्याच्याकडे एकही मूल गेलं नाही. मला त्याची जराही दया आली नाही. दुपारी तो ताटली घेऊन माझ्यासमोर आला.

"पीठ त्या पातेल्यात आहे," मी म्हटलं. "घे भाजून. एकट्यानं."