गळाला लागलेला दादा

आजवर माझ्या गळाला लागलेला सर्वांत मोठा जीव म्हणजे माझा थोरला भाऊ.

गेलो होतो मरळ धरायला. आमचं गाव राणीसावरगावाजवळ. आमच्या वडिलांचं, आबांचं, आजारपण लांबलं, जेवण सुटलं. एक दिवस त्यांनी मला परभणीहून बोलावून घेतलं, दादालाही समोर बसवलं आणि म्हणाले, "मरळीचा रस्सा खायचाय. पर दोघांनी मिळून धरलेली पायजे."

आली का पंचाईत! बांधावरचा कडुलिंब कुणाचा, यावरून दादाचं न् माझं बोलणं तुटलेलं. (कडुलिंब मध्येच वाळून गेला. भांडण मात्र हिरवंगार!)

दादाची तयारी जुनी. बांबूची काठी, जाड दोरा आणि गळाला टोचलेली जिवंत बेडकी. माझी तयारी मोबाइलवर व्हिडिओ बघून झालेली. रीळ लावलेली चकचकीत काठी, कात्रीलाही दाद न देणारा विणलेला दोरा आणि पाठीवर दोन गळ असलेला रबरी बेडूक!

तळ्यावर दादा माझ्याशी बोलेना. सांगायचं ते काठावरच्या बाभळीला सांगायचा.

"बाभळबाई, काही लोकं रबराचा बेडूक घेऊन आल्यात. मरळ हसून हसून मरंल, मंग हातानं उचलतील!"

मीही बाभळीलाच म्हणालो, "काही लोकांना टेक्निक कळत नसतं."

तेवढ्यात शेवाळाच्या कडेला लाल पिल्लांचा घोळका वर आला. पिल्लं वर, म्हणजे राखण करणारी मरळ खालीच.

"बाभळे, त्यांना सांग, पिल्लावाली धरू न्हाई. पिल्लं उघडी पडत्यात."

हे बरोबर होतं. दादा म्हणाला म्हणून मी ऐकलं नाही.

बेडूक फेकला. शेवाळावरून टुणूकटुणूक ओढत आणला. धप्पकन पाणी फुटलं! मरळीला बेडूक नीट तोंडात घेऊ द्यायचा, मगच हिसका मारायचा, असं व्हिडिओत बजावून सांगितलं होतं. मी आधीच मारला, जीव खाऊन! बेडूक मरळीच्या तोंडातून सुटला, माझ्या डोक्यावरून उडाला आणि मागे...

"आयाया! बाळ्या, कान! कान सोड माझा!"

कितीतरी दिवसांनी दादानं मला नावानं हाक मारली. मला गहिवरून आलं. त्या गहिवरात काठी आणखी थोडी ओढली गेली.

गळ निघेना, दोरा तुटेना. शेवटी मोटारसायकलवर मी पुढे, दादा मागे, त्याच्या कानात बेडूक आणि हातात माझी काठी! गंगाखेडच्या रस्त्यावर लोक थांबून बघायला लागले.

"कुठं निघालाव?" एकानं विचारलं.

"इकायला न्यायलाय मला!" दादा ओरडला.

दवाखान्यातून परत आलो. आबांनी दादाच्या कानाची पट्टी बघितली. मग माझ्या हातातली रिकामी पिशवी बघितली.

"मरळ?"

"सुटली, आबा."

"दोघं असून?" एवढंच म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आबा गेले. रस्सा राहिलाच. (बाजारात मरळ मिळत होती. पण दोघांनी मिळून आणायची म्हणजे एकमेकांशी बोलणं आलं!)

दादा आजही माझ्याशी बोलत नाही. माझ्याबद्दल मात्र भरपूर बोलतो. भावकीतल्या प्रत्येक लग्नात पाहुण्यांना कान दाखवतो आणि माझ्याकडं बोट करून म्हणतो, "ह्यो आमचा धाकटा. मासा सोडून समदं धरतंय!" पाहुणे हसतात. सगळ्यांच्या आधी मी हसतो.

गावाकडचं एकही लग्न मी चुकवत नाही. तिकडच्या वांग्याच्या भाजीसाठी जातो, असं बायकोला सांगतो!