व्याह्यांचा नारळ

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की आमच्या घरात सगळ्यात मोठ्याने हसणारा मीच. आता लोक माझी गोष्ट सांगून हसतात… चालायचंच.

ठिकाण – नाशिक, गंगापूर रोडवरचा एक हॉल. भर दुपार. माझ्या रेवाचा साखरपुडा. मुलगा येवल्याचा, पैठणी विणणारा. सुरुवातीला मी 'हातमागावर संसार चालतो का' म्हणून कुरकुरलो होतो, खरं आहे. पण पोराला भेटलो आणि विरघळलो. मनापासून सांगतो – मला तो जावई हवा होता.

व्याहीभेटीत मी त्याच्या वडिलांना टोपी घातली, उपरणं दिलं. मग नारळ पुढे केला. त्यांनी धरला. आणि माझी बोटं… सुटेचनात!

"अहो व्याही, द्यायचाय ना?" ते हसले. मीही हसलो. आतून मात्र जीव तोडून बोटं उघडत होतो. पण माझ्या बोटांवर दुसऱ्या कुणीतरी बोटं आवळून धरली होती – गार, ओलसर. दिसत काहीच नव्हतं.

"अगं बाई, बापाच्या मनातच नाही वाटतं!" मुलाची आत्या बोलली. सगळ्या हॉलच्या माना आमच्याकडे वळल्या. बायको कानाशी – "सोडा ना, काय तमाशा लावलाय!"

शेवटी व्याह्यांनीच हात मागे घेतला. त्याच क्षणी माझी बोटं उघडली, नारळ धप्पकन खाली.

घरी आल्यावर रेवा म्हणाली, "मनात नव्हतं तर आधी सांगायचं, बाबा. चारचौघांत त्यांचा अपमान कशाला?"

माझी पुतणी सायली, मेंदू हातापायांना कसा हलवतो यावर संशोधन करते. रेवाला घेऊन मी तिच्याकडे धावलो. "सांग हिला, काकाच्या डोक्यात फॉल्ट आहे!"

सायलीने माझ्या डोक्यावर तारांची टोपी चढवली – लाइटिंग केलेल्या मंडपासारखा दिसत होतो – हाताला चिकटपट्ट्या लावल्या, आणि नारळ दिला. धरा, सोडा. धरा, सोडा. दर वेळी मेंदूतून हुकूम नीट निघाला आणि बोटं शहाण्या मुलासारखी उघडली. मेली एकदा तरी अडकायची!

"काका, सगळं नॉर्मल आहे."

"त्या दिवशी नव्हतं गं!"

"असेल. पण त्या दिवशीचं मला आज मोजता येत नाही."

रेवा उठली. "म्हणजे मुद्दामच धरला होतात."

लग्न होणार आहे. व्याही मोठ्या मनाचे, विषयही काढला नाही. पण कन्यादानाला मामा-मामी बसणार, असं रेवाने सांगितलं. मला नाही… तिच्या आईला. आईने कारण विचारलं, तर म्हणाली, "ऐन वेळी बाबांनी माझा हात सोडला नाही तर?"

ती बोटं कुणाची होती, मला आजही माहीत नाही. माझी नव्हती, एवढं नक्की. परवा देवासमोर शपथ घ्यायला उजवा हात उचलला, तर बायको म्हणाली, "राहू द्या. त्या हाताची साक्ष कोण मानणार?"